'ज्ञानेश्वर' किती अक्षरी?

मंडळी, 'ज्ञानेश्वर' हे नाव किती अक्षरी? ज्ञा, ने, श्व, र. चार, बरोबर? आता पायथॉनला विचारा. तो म्हणतो १०! कारण युनिकोडमध्ये ज, हलन्ताची खूण, ञ, काना, मात्रा हे सगळे सुटेसुटे मोजले जातात. त्यात यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला १ बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ लागतात. म्हणजे झाले ३० बाइट.

परवा आमच्या एका रिपोर्टात हे नाव 'ज्ञाने' एवढंच छापून आलं, पुढे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह. कुणीतरी कधीकाळी 'नावाला २० बाइट पुष्कळ झाले' असं ठरवून टाकलं होतं. सहा चिन्हांत १८ बाइट संपले आणि सातवं चिन्ह, 'श', अर्ध्यात कापलं गेलं. शोधण्यात अख्खी दुपार गेली!

तेव्हा नावाची मर्यादा बाइटमध्ये ठरवू नका. कापायचंच असेल तर अख्ख्या अक्षरावर कापा. जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, २०२३ साली आलाय. लायब्ररी जुनी असेल तर आधी ती अपडेट करा.

आणि टेस्टिंगला दर वेळी 'राम' नको. एखादा 'ज्ञानेश्वर'ही घालून बघा!