छपराची मजुरी : दर विचारण्याआधी माप विचारा



ऊस गाळपाला गेला, बिलाचा हप्ता बँकेत जमा झाला की आपल्या गावोगावी घरांची कामे निघतात. कुणी जुने कौलारू उतरवून स्लॅब टाकतो, कुणी गोठ्यावर नवे पत्रे चढवतो, तर कुणी वळवाच्या वाऱ्यात उडालेली बाजू दुरुस्त करून घेतो. आम्ही ऊस विकास विभागाची मंडळी लागणीच्या नोंदीसाठी बांधावर येतो तेव्हा प्रश्न बेण्याचे, खताचे, हुमणीचे असतात. पण ते संपले की हळूच एक प्रश्न येतोच. "साहेब, पत्रे चढवायला फुटाला काय घेत्यात हो सध्या?" किंवा "स्लॅबची मजुरी आमच्याकडनं जास्त लावली का?"

सिमेंट, सळई, पत्रा यांचे भाव दुकानात विचारता येतात. चार दुकाने फिरले की अंदाज येतो. मजुरीचे तसे नाही. ती तोंडी ठरते आणि काम अर्ध्यावर आले की वाढते. म्हणून ह्या अंकात आम्ही छपराच्या मजुरीचा हिशेब मांडत आहोत. गावोगावचे दर वेगळे, हंगामाप्रमाणे ते बदलतात, तेव्हा खालचे रुपयांचे आकडे हे उदाहरणाचे समजावेत. रीत ध्यानात घ्यावी आणि आकडे आपल्या गावचे घालावेत.

पूर्वी आणि आता

पूर्वी छप्पर हे भावकीचे काम होते. पावसाळ्याआधी पाचट, गवत जमवायचे, चार घरची माणसे यायची, दिवसभरात शाकारून व्हायचे आणि संध्याकाळी जेवणाची पंगत. सुताराला त्याचे बलुते मिळे. पैसा फारसा लागत नव्हता. आता पाचटाचे छप्पर घरावर राहिलेले नाही (पाचट शेतातच कुजवा, असे आम्हीच सांगत असतो), आणि पत्रा व स्लॅब ही जाणकाराची कामे झाली. जाणकाराला रोख पैसा द्यावा लागतो आणि तो द्यायलाही हवा. प्रश्न एवढाच की तो कशाकशाचा आहे हे देणाऱ्याला कळले पाहिजे.

मजुरीच्या तीन तऱ्हा

पहिली तऱ्हा रोजंदारीची. जेवढ्या हजेऱ्या तेवढे पैसे. लहान दुरुस्तीला ही बरी, पण मालक स्वतः कामावर उभा पाहिजे. दुसरी मापावरची, म्हणजे चौरस फुटाला किंवा ब्रासला अमुक इतके. १०० चौरस फूट म्हणजे एक ब्रास. वाळू-खडीचा ब्रास मात्र १०० घनफुटांचा असतो, ह्या दोहोंत घोटाळा करू नये. तिसरी उक्त्याची, सगळे काम मिळून एक रक्कम. उक्ते सोयीचे वाटते, पण त्यात काय धरले आणि काय नाही हे लिहिलेले नसेल तर भांडणाचे मूळ तिथेच असते.

पत्र्याचे छप्पर

पत्र्याच्या कामात दोन मजुऱ्या असतात. एक लोखंडी सांगाड्याची, कैच्या आणि पर्लिन तयार करून बसवण्याची. ही बहुधा किलोवर ठरते. उसाची गाडी काट्यावर गेली की आपण वजन डोळ्यांनी पाहतो. लोखंडाचेही तसेच पाहावे. लोखंड आणतानाची काट्याची पावती जपून ठेवावी आणि तिच्यावरच मजुरी द्यावी. दुसरी मजुरी पत्रा चढवून बसवण्याची. ही चौरस फुटावर असते आणि माप येथेच चुकते.

समजा आपली खोली २० बाय ३० फुटांची आहे. सभासद मनात ६०० फूट धरतो. पण पत्रा भिंतीबाहेर चारी बाजूंना दीड-दीड फूट येतो, म्हणजे २३ बाय ३३ झाले. शिवाय माप जमिनीवर नव्हे, उतारावर धरतात. एका बाजूला ४ फूट उतार दिला तर २३ फुटांचे साधारण २३.३५ होतात. एकूण भरतात ७७० चौरस फूट. फुटाला २५ रुपये ठरले असतील तर मनातला आकडा १५,०००, आणि बिल १९,२५० रुपयांचे. ह्यात मिस्त्रीने फसवले असे नाही. माप आधी बोललो नाही, एवढेच.

पूर्वीचे पत्रे उतरवणे, पन्हळ बसवणे, आढ्यावरची टोपी, भिंत आणि पत्रा यांच्यामधली फट बुजवणे ही कामे दरात आहेत की वेगळी, हे आधी विचारावे. चांगल्या कामाच्या खुणाही पाहून ठेवाव्यात. खालच्या पत्र्यावर वरचा पत्रा निदान ६ इंच चढलेला असावा. बोल्ट किंवा स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारलेला असावा, खोलगट भागात नव्हे, कारण पाणी खोलगट भागातूनच वाहते. पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिमेकडून येतो. म्हणून पत्रे पूर्वेच्या टोकाकडून घालत यावेत, म्हणजे सांध्याचे तोंड वाऱ्यासमोर येत नाही. एवढे जाणणारा मिस्त्री फुटाला दोन रुपये जास्त मागत असला तरी तो स्वस्तच म्हणायचा.

स्लॅबचा हिशेब

स्लॅबची मजुरी म्हणजे एक दर नव्हे, चार कामे आहेत : सेंट्रिंग बांधणे, सळई कापून बांधणे, काँक्रीट ओतणे आणि मुदतीनंतर सेंट्रिंग काढणे. २५ बाय ४० चे घर घेऊ. घर १,००० फुटांचे, पण स्लॅब चारी बाजूंना २ फूट बाहेर काढली तर ती २९ बाय ४४, म्हणजे १,२७६ चौरस फूट होते. जिना, खिडक्यांवरचे छज्जे, कठडा यांचे माप आणखी वेगळे.

आता हजेऱ्या मोजू. सेंट्रिंगला ४ माणसे ६ दिवस, म्हणजे २४. सळईला ३ माणसे ४ दिवस, म्हणजे १२. काँक्रीटच्या दिवशी २० माणसांची टोळी, म्हणजे २०. सेंट्रिंग काढायला ४ माणसे २ दिवस, म्हणजे ८. एकूण ६४ हजेऱ्या. गवंडी, बिगारी मिळून सरासरी हजेरी ९०० रुपये धरली तर ५७,६०० रुपये होतात. प्लेटा, टेकू, मिक्सर, लिफ्ट, व्हायब्रेटर यांचे भाडे ३०,००० धरू. झाले ८७,६००. त्यावर मुकादमाचा १० टक्के वाटा. एकूण ९६,३६० रुपये. १,२७६ ने भागले की फुटाला ७५-७६ रुपये पडतात.

तुमच्या गावच्या हजेरीने आणि भाड्याने हाच हिशेब घालून पाहा. मुकादमाने सांगितलेला दर त्याच्या फार वर असेल तर कारण विचारा. फार खाली असेल तर अधिकच विचारा. कमी दरात कुठेतरी हजेरी, टेकू किंवा दिवस कमी होणारच.

हाच आकडा उसात मोजला की खरा कळतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. उताऱ्याप्रमाणे ती बदलते आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. हातात टनाला २,७०० रुपये पडले असे हिशेबापुरते धरले तर ही मजुरी जवळजवळ ३६ टनांची झाली. एकरी ४० टन काढणाऱ्या सभासदाचा ३६ गुंठ्यांतला ऊस नुसत्या स्लॅबच्या मजुरीत गेला. आणि १,००० फूट मनात धरून १,२७६ फुटांचे बिल आले, तर त्या एका गैरसमजाची किंमत पावणेआठ टन ऊस.

मालाचाही पडताळा घ्यावा. ५ इंच जाडीच्या १,२७६ फूट स्लॅबला तुळया सोडून सुमारे ५३२ घनफूट, म्हणजे सव्वापाच ब्रासहून थोडे जास्त काँक्रीट लागते. एकास दीड आणि तीन ह्या प्रमाणाला ते सुमारे १२० पोती सिमेंट होते. त्या दिवशी रिकामी पोती घरच्या कुणीतरी मोजावीत. हे काम कारभारीणबाई जास्त चोख करतात, असा आमचा अनुभव आहे.

घाई कुणाला असते?

सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्याच्या असतात. त्या पुढच्या कामावर न्यायची मुकादमाला घाई असते. भारतीय मानक ४५६ (सन २०००) मध्ये साध्या सिमेंटसाठी मुदती दिल्या आहेत. ४.५ मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे १५ फुटांपर्यंत गाळा असलेल्या स्लॅबखालचे टेकू निदान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस. ६ मीटरपर्यंतच्या तुळईखालचे टेकू १४ दिवस, त्याहून लांब तुळईला २१ दिवस. पोत्यावर पीपीसी लिहिले असेल तर ते सिमेंट सावकाश ताकद धरते, तेव्हा आणखी थांबावे आणि इंजिनियरला विचारून मगच टेकू काढू द्यावेत. दर ठरवतानाच "प्लेटा इतके दिवस राहतील, जादा भाडे नाही" असे बोलून घ्यावे.

पाण्याचेही तसेच. स्लॅबवर मातीचे बांध घालून वाफे करावेत आणि पाणी साठवून ठेवावे. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस, पीपीसीला किंवा कडक उन्हात निदान १० दिवस. पाणी कोण मारणार, मालक की मुकादम, हेही आधी ठरवावे. उसाला पाणी मोजून द्या असे आम्ही बारा महिने सांगतो. स्लॅबच्या बाबतीत मात्र हात आखडू नका.

मजुराचा जीव

मजुरीत एक खर्च कुणीच धरत नाही, तो म्हणजे वर चढलेल्या माणसाच्या सुरक्षेचा. सिमेंटचा जुना पत्रा वरून धड दिसतो आणि पाय ठेवताच फुटतो. अशा छपरावर थेट पत्र्यावर चालू देऊ नये. पर्लिनवर टेकतील अशा लांब फळ्या किंवा शिडी आडवी टाकून तिच्यावरूनच माणसाने जावे. कमरेला पट्टा आणि दोर, डोक्याला टोपी असावी. घराजवळून विजेची लाइन जात असेल तर लांब सळई आणि पत्रा उचलताना तिला लागण्याचा धोका असतो. महावितरणला आधी कळवून, पुरवठा बंद झाल्याची खात्री करूनच काम सुरू करावे. ओल्या पत्र्यावर आणि वादळी वाऱ्यात काम बंद म्हणजे बंद.

पट्टे, दोर, फळ्या यांचे भाडे दोन-तीन हजार होईल. ते दरात धरा असे मुकादमाला आपणच सांगावे. आपल्या घरावरून माणूस पडला तर तो कुणाचा तरी कमावता हात असतो. त्याच्या घरच्यांपुढे "उक्त्यात तसे ठरले नव्हते" हे उत्तर होत नाही. आणखी एक. वय १८ ते ६० असलेल्या आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराची नोंदणी राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे होते. आपल्या कामावर आलेल्यांची नोंदणी आहे का, हे विचारावे. नसेल तर केलेल्या दिवसांचा दाखला द्यायला खळखळ करू नये. आपल्या सभासदांच्या घरचीही किती पोरे ह्या कामावर जातात!

पैसे कसे द्यावेत

सगळे पैसे आधी देऊ नयेत आणि सगळे अडवूनही धरू नयेत. आमच्या मते पुढील रीत बरी पडते. ठरताना विसार १० टक्के. सेंट्रिंग आणि सळई पुरी झाली, इंजिनियरने पाहिली, की ४० टक्के. काँक्रीट ओतलेल्या संध्याकाळी ३० टक्के. टोळीची हजेरी त्याच संध्याकाळी त्यांच्या हातात पडली पाहिजे, ती उद्यावर टाकू नये. उरलेले २० टक्के सेंट्रिंग निघून, वर पाणी साठवून खाली ओल येत नाही हे पाहिल्यावर. पत्र्याच्या कामात शेवटचा हप्ता पाइपाने पाणी मारून गळती पाहिल्यावर द्यावा. पहिल्या पावसाची वाट पाहायला लावून मिस्त्रीला खेपा घालायला लावणे बरे नव्हे.

वेळही पाहावी. गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत सगळ्यांनाच छप्पर हवे असते. टोळ्या मिळत नाहीत आणि दर चढतात. ज्यांचा ऊस हंगामाच्या सुरुवातीला गेला आहे त्यांनी पौष-माघात काम उरकले तर माणसे मिळतात आणि स्लॅबला ऊनही कमी लागते.

शेवटी सर्वांना विनंती एकच. साध्या वहीच्या कागदावर चिठ्ठी करावी. माप किती व कसे धरले, दर काय, दरात कोणती कामे आहेत व कोणती नाहीत, प्लेटा किती दिवस, पाणी कोण मारणार, सुरक्षेचे सामान कुणाचे, हप्ते कसे, एवढ्या ओळी पुरेत. खाली दोघांच्या सह्या आणि एक साक्षीदार. चिठ्ठीने मैत्री तुटत नाही, उलट टिकते. मुकादम चांगला असेल तर त्यालाही ती हवीच असते.