एकाच संगणकात दोन भाषा

चंद्रावर माणूस उतरवणारा अपोलोचा संगणक अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत घडला. बदलत्या आकड्यांसाठी त्यात जेमतेम २,०४८ शब्दांची जागा होती आणि एक शब्द म्हणजे १५ बिट. कायमच्या प्रोग्रामसाठी ३६,८६४ शब्द. हा प्रोग्राम अक्षरशः विणलेला असे: तार चुंबकीय कडीतून ओवली की एक, बाहेरून नेली की शून्य. त्यामुळे प्रत्येक शब्द जपून वापरावा लागे.

यंत्राची मूळ भाषा साधी: आकडा उचल, मिळव, ठेव. एका बेरजेला सुमारे २३ मायक्रोसेकंद लागत. पण यानाचा वेग सांगायला तीन दिशांचे तीन आकडे (म्हणजे एक सदिश) लागतात आणि पुरेशा अचूकतेसाठी प्रत्येकाला दोन शब्द. हे सगळं गणित मूळ भाषेत लिहायचं तर ओळींचा ढीग होतो. म्हणून त्याच यंत्रावर वरच्या पातळीची दुसरी भाषा बसवली. तिच्यात ‘व्हीएक्सव्ही’ या एका आज्ञेत दोन सदिशांचा गुणाकार होई. प्रत्येक आज्ञेचा अर्थ लावत काम चाले, म्हणून वेग मंदावे. पण जागा वाचे आणि चुकाही कमी होत.

मग वाटणी झाली. मार्गाचं गणित वरच्या भाषेत. चांद्रयानाचा तोल सांभाळणारा ऑटोपायलट मात्र सेकंदाला दहा वेळा चाले. तिथे उशीर परवडणारा नव्हता. तो थेट यंत्राच्या भाषेत लिहिला.

मी मोटारींच्या कंट्रोलरसाठी कोड लिहिते आणि आजही हीच वाटणी करते. कंट्रोलरची मेमरी किलोबाइटमध्ये मोजायची. सी भाषेत तिथे साधा पूर्णांक दोन किंवा चार बाइटांत मावतो. लॅपटॉपवरच्या पायथनमध्ये लहानसा आकडासुद्धा २८ बाइट घेतो. त्यामुळे मोटार फिरवणारा कोड सीमध्येच. पण चाचणीच्या नोंदी तपासून आलेख काढायला पायथनच बरी. तिथे माझा वेळ यंत्राच्या वेळेपेक्षा महाग. शिवाय पायथनमध्ये आकडेमोड करणाऱ्या नमपाय या लायब्ररीचा गाभा सीमध्येच लिहिलेला आहे, म्हणजे वेगाचं काम आधीच कुणीतरी खाली उतरून करून ठेवलंय.

सी लिहिणारा तो खरा प्रोग्रामर, हा समज मला मान्य नाही. अडचण वेळेची आहे, जागेची आहे की डोक्याला झेपण्याची, हे आधी ओळखावं. शक्यतो वरच्या पातळीवर लिहावं, मोजून पाहावं आणि अडेल तेवढाच भाग खाली उतरवावा. मात्र खाली काय चालतं हे ठाऊक असायलाच हवं. नाहीतर अडलंय कुठे, हेच कळत नाही.