शाळेच्या मंडळाची वेबसाईट : जागा कुठे घ्यावी, पैसे किती द्यावेत?

मंडळी, पोरगी शाळेतून येते, दप्तर खाटेवर टाकते आणि म्हणते, "बाबा, आमच्या मंडळाच्या वेबसाईटसाठी दोनशे रुपये द्या लागते." तुम्ही विचारता, "कायले?" ती म्हणते, "होस्टिंगले!" आता हे होस्टिंग म्हणजे काय, हे घरात कुणालाच ठाऊक नसते. गुरुजी सांगतात म्हणजे खरेच असेल, असे म्हणून आपण खिशात हात घालतो. कपाशीचे बियाणे घेताना मात्र हेच आपण चार दुकाने फिरतो. तीच चौकशी इथेही करायला हवी.

पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. विहिरीला पाणी असूनही ते पिकाला द्यायची सोय नाही, हे दुःख तिकडच्या माणसाला सांगायला नको. त्या पट्ट्यातल्या एका शाळेच्या पर्यावरण मंडळाने फार चांगले काम केले होते. मुले दर महिन्याला दोरी सोडून गावातल्या विहिरींची पाणीपातळी मोजायची, पावसाची नोंद ठेवायची आणि ते सारे वेबसाईटवर टाकायची. चार वर्षे हे चालले. मग ज्या गुरुजींनी ती वेबसाईट उभी केली त्यांची बदली झाली. सारा व्यवहार त्यांच्या खासगी ई-मेलवर होता. मुदत संपल्याची सूचना तिथेच पडून राहिली आणि एक दिवस वेबसाईट उघडेनाशी झाली. वहीत नक्कल ठेवलेली नव्हती. चार वर्षांचे विहिरींचे आकडे गेले ते गेलेच. गुरुजींना दोष द्यावा असे मला वाटत नाही. तसे करू नये हे त्यांना तरी कोण सांगणार होते?

वेबसाईटला दोन गोष्टी लागतात, एक नाव आणि दुसरी जागा. नाव कायमचे विकत मिळत नाही. ते मक्त्याने मिळते आणि मुदत संपली की नव्याने पैसे भरावे लागतात. आपल्या देशाच्या 'डॉट इन' नावांचा कारभार 'निक्सी' ही संस्था पाहते आणि २०१४ पासून 'डॉट भारत' असे देवनागरी नावही घेता येते. शिक्षणसंस्थांसाठी 'ईडीयू डॉट इन' हे शेपूट वेगळे असते. ते केंद्र सरकारच्या अखत्यारीतील 'अर्नेट इंडिया' देते. पण मंडळाला स्वतंत्र नाव हवेच असे कुठे आहे? शाळेची वेबसाईट आधीच असेल, तर तिच्यातच मंडळाला दोन पाने मागा. पैशाचा प्रश्नच मिटला. हे पहिल्यांदा मुख्याध्यापकांना विचारावे.

जागा म्हणजे होस्टिंग. इंटरनेटला जोडलेल्या, दिवसरात्र चालू असलेल्या दूरच्या संगणकावर आपली पाने ठेवायची. शाळेतल्याच संगणकावर ठेवली तर काय बिघडले, असे कुणी विचारील. बिघडेल ते इतकेच की लाईट गेली की वेबसाईटही गेली! आपल्याकडच्या भारनियमनाचे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

मंडळाची पाने साधी असतात. पावसाचा तक्ता, झाडांची यादी, सहलीचे फोटो. इथे दुकान चालवायचे नाही की पैशाची देवघेव नाही. अशा साध्या पानांना फुकट जागा मिळते आणि ती पुरते. 'गुगल साइट्स' वर संगणकाची भाषा न शिकता पाने मांडता येतात. 'गिटहब पेजेस' ला थोडे शिकावे लागते, पण तिथे एक जीबीपर्यंतची वेबसाईट फुकट ठेवता येते आणि मुलांच्या हाती एक विद्या येते ती वेगळीच. माझे मत विचाराल तर आठवी-नववीच्या मुलांनी हाच मार्ग धरावा. 'वर्डप्रेस डॉट कॉम' चीही फुकट जागा आहे, मात्र तिथे पानावर जाहिराती येतात.

एक जीबी म्हणजे किती? मोबाईलवरचा एक फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो. तो लहान करून दोनशे केबीचा केला, तर तीनशे फोटो साठ एमबीत बसतात. शिवाय फोटो लहान असले की कमी रेंजच्या गावातही पान लवकर उघडते.

पैसे भरूनच जागा घ्यायची झाली तर जाहिरातीतला मोठा आकडा सोडून खालची बारीक अक्षरे वाचा. समजा, 'महिना फक्त ७९ रुपये' असे लिहिले आहे. बऱ्याचदा हा भाव चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो. म्हणजे ३,७९२ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, सारे मिळून सुमारे ४,४७५ रुपये. पुढच्या खेपेला दर किती, हे लेखी विचारावे. तो पहिल्यापेक्षा बराच चढा असतो आणि खरी मेख तिथेच आहे. 'अनलिमिटेड' या शब्दालाही भुलू नका. नियमांच्या पानावर त्याला कुठे तरी मर्यादा घातलेली असते.

फुकटाचीही जोखीम आहेच. 'जिओसिटीज' या फुकट जागेवर एके काळी लाखो लोकांनी आपली पाने थाटली होती. याहू कंपनीने ती २००९ मध्ये बंद केली. ज्यांच्याजवळ नक्कल नव्हती त्यांची पाने बुडाली. म्हणून दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी सगळी पाने पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. एक प्रत शाळेच्या कपाटात, दुसरी एखाद्या पालकाच्या घरी.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करायला सांगा. जुन्या फॉन्टमधले लिखाण दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडले की नुसता इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. मुलांची पूर्ण नावे, पत्ते, फोन नंबर वेबसाईटवर घालू देऊ नका. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीला पालकांची संमती हवी, असे २०२३ चा माहिती-संरक्षणाचा कायदाही म्हणतो.

आणि पालकसभेत एक गोष्ट ठरवून घ्या. खाते कुणा एकाच्या नावावर नको. शाळेचा ई-मेल वापरावा आणि नूतनीकरणाची तारीख, खात्याचे नाव, पासवर्ड एका कागदावर लिहून तो पाकिटात बंद करून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा. गुरुजींची बदली झाली की चार्ज देताना किल्ल्यांबरोबर ते पाकीटही नव्या गुरुजींच्या हाती गेले पाहिजे. पोरीला दोनशे रुपये द्यायचे की नाही, ते या चौकशीनंतर ठरवा.