ब्युनोस आयरेस : बंद ठेवलेलं बंदर

१५८० साली हुआन दे गाराय याने ब्युनोस आयरेस दुसऱ्यांदा वसवलं. समोर ला प्लाता नदीचं अफाट मुख, पुढे अटलांटिक. बंदराला आणखी काय हवं? पण १५९४ च्या राजाज्ञेने ते परदेशी व्यापाराला बंद झालं. स्पेनचा मालही थेट न येता पनामाच्या चिंचोळ्या पट्टीवर उतरायचा, खेचरांवरून पॅसिफिकच्या काठी जायचा, तिथून जहाजाने लिमाला आणि मग अँडीज ओलांडून इथवर. हा द्राविडी प्राणायाम अँडीजमधल्या पोतोसीच्या खाणींतल्या चांदीसाठी होता. ती परक्यांच्या हाती लागू नये आणि सेव्हिल-लिमाच्या व्यापाऱ्यांची मक्तेदारी टिकावी, एवढंच.

गावाने तोड काढली. वादळात मोडतोड झाल्याचं निमित्त सांगून जहाजं बंदरात शिरत. माल जप्त होई, लिलावात निघे आणि ज्याने आणला त्याचाच माणूस तो स्वस्तात उचले; मग राजरोस विक्री. खुद्द शाही खजिनदार यात सामील, म्हणजे कुंपणच शेत खात होतं. गव्हर्नर एर्नांदारियासने ही टोळी मोडायचा प्रयत्न केला, तर पुढच्या गव्हर्नरच्या काळात तुरुंगात गेला तोच. या हिकमतीचं आजही कौतुक होतं. मला ते जड जातं, कारण त्या चोरट्या मालात अंगोलातून पकडून आणलेली माणसं होती.

१६२२ मध्ये पोतोसीच्या वाटेवर कोर्दोबाला जकात नाका बसला, तरी चांदी झिरपतच राहिली. १६८० मध्ये पोर्तुगीजांनी नदीच्या पलीकडच्या काठावर कोलोनिया वसवलं आणि चोरट्या व्यापाराला हक्काचा शेजार मिळाला.

माद्रिदला जाग आली ती १७७६ मध्ये. पोतोसी ब्युनोस आयरेसच्या नव्या व्हाइसरॉयच्या हाताखाली आलं. १७७८ मध्ये स्पेनच्या अनेक बंदरांशी थेट व्यापार खुला झाला, कातड्यांची निर्यात फोफावली. पण १७९६ पासून ब्रिटनशी युद्ध जुंपलं आणि स्पॅनिश जहाजं येईनाशी झाली. १८०९ मध्ये वकील मारियानो मोरेनोने जमीनदारांच्या वतीने खुल्या व्यापारासाठी अर्ज लिहिला. तिजोरी रिकामी असलेल्या व्हाइसरॉय सिस्नेरोसने ब्रिटिश मालाला दार उघडलं. मे १८१० मध्ये गावाने त्यालाच पदावरून उतरवलं.

आतल्या तुकुमान, कातामार्काच्या विणकरांना मात्र हे दार महागात पडलं. बंदरबंदी आणि लांबचा रस्ता हाच त्यांचा आडोसा होता. पुढे गाउचो गुराख्यांच्या अंगावरचे पोंचोसुद्धा इंग्लंडहून विणून येऊ लागले.