हृदयाभोवतीची चरबी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अँजिओग्राफीत मोठा ब्लॉकेज नाही असे कळले की घरची माणसे निर्धास्त होतात. पण हृदयविकाराचा झटका पुष्कळदा धमनी फारशी अरुंद न झालेल्या जागीही येतो, कारण तिथल्या भिंतीत दाह धुमसत असतो. त्याची खूण धमनीबाहेरच्या चरबीत उमटते, म्हणून ही चरबी नीट समजून घ्यायला हवी.

गैरसमज: हृदयावर चरबी असणे हाच आजार.
वस्तुस्थिती: ती निरोगी हृदयावरही असते. करोनरी धमन्या तिच्यातूनच जातात. ती धमन्यांना आधार देते, हृदयाच्या स्नायूला इंधन पुरवते आणि अ‍ॅडिपोनेक्टिनसारखी दाह शमवणारी द्रव्ये सोडते. ती बेसुमार वाढली आणि तिच्यात रोगप्रतिकारक पेशी गोळा झाल्या, की तीच दाह भडकवू लागते. २००३ मध्ये बायपासच्या रुग्णांच्या हृदयावरची आणि पायाच्या त्वचेखालची चरबी ताडून पाहिली गेली, तेव्हा दाहकारक द्रव्ये हृदयावरच्या चरबीत जास्त आढळली.

गैरसमज: हीच चरबी धमनीत उतरून ब्लॉकेज करते.
वस्तुस्थिती: ब्लॉकेज तयार होतो तो धमनीच्या अस्तराखाली, रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल साचून. बाहेरची चरबी आत शिरत नाही, पण तिची द्रव्ये पोहोचतात, कारण धमनी आणि ही चरबी यांच्यामध्ये वेगळा पडदा नसतो.

गैरसमज: चरबी बिघडवते आणि धमनी नुसती सोसते.
वस्तुस्थिती: परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. ऑक्सफर्डमधील चारालांबोस अँटोनियाडेस यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवले, की दाह झालेल्या धमनीतून निघणारी द्रव्ये शेजारच्या चरबीपेशींची वाढ रोखतात. तिथल्या चरबीत मेद कमी आणि पाणी जास्त होते. सीटी स्कॅनमध्ये हा फरक मोजता येतो. म्हणजे चरबी किती आहे याइतकेच ती कशी आहे हेही महत्त्वाचे.

गैरसमज: ब्लॉकेज नाही, म्हणजे धोका नाही.
वस्तुस्थिती: २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ब्रिटनमधील ‘ओरफान’ अभ्यासात करोनरी सीटी केलेले ४० हजारांहून अधिक रुग्ण होते. पाचांपैकी चौघांच्या धमनीत रक्त अडवणारा ब्लॉकेज नव्हता. प्रत्येकाचा वैयक्तिक धोका ब्लॉकेजवाल्यांपेक्षा कमी असला, तरी हृदयविकाराने झालेल्या एकूण मृत्यूंपैकी जवळपास दोन तृतीयांश याच मोठ्या गटातले होते. त्यांच्यातही, ज्यांच्या धमन्यांभोवतीची चरबी दाह दाखवत होती त्यांचा धोका अधिक निघाला.

गैरसमज: सडपातळ माणसाने याची काळजी करू नये.
वस्तुस्थिती: पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेली ही तुलना सांगते, की वजनकाट्यावरून आतली चरबी कळत नाही. भारतीयांनी कमरेचा घेरही मोजायला हवा.

गैरसमज: मग प्रत्येकाने धमन्यांभोवतीच्या चरबीची सीटी तपासणी करून घ्यावी.
वस्तुस्थिती: तिच्यासाठी नसेतून डाय देऊन करोनरी सीटी करावा लागतो, क्ष-किरणांचा मारा होतो आणि विश्लेषणाला खास सॉफ्टवेअर लागते. ती सर्रास करायची तपासणी नाही. गरज आहे का, हे हृदयरोगतज्ज्ञांना ठरवू द्या.

वजन उतरले आणि नियमित व्यायाम झाला की हृदयाभोवतीची चरबी घटते. तंबाखू सोडणे, रक्तदाब, साखर आणि एलडीएल आटोक्यात ठेवणे यांनी धमन्या जपल्या जातात. डॉक्टरांनी स्टॅटिन दिले असेल तर ‘ब्लॉकेज तर नाही’ म्हणून ते मनाने बंद करू नका. आणि छातीत दाब, घाम, धाप अशी लक्षणे दिसली, तर जुना रिपोर्ट कितीही चांगला असो, तडक रुग्णालय गाठा.