बेमुदत म्हणजे नक्की किती?

‘बेमुदत’ हा शब्द आपल्याला काही नवा नाही. बेमुदत संप, बेमुदत उपोषण, परीक्षा बेमुदत पुढे ढकलल्या (हे ऐकून हॉस्टेलमध्ये होणारा जल्लोष!)... आणि शब्द कानावर पडला की पाठोपाठ प्रश्न येतोच, "म्हणजे किती दिवस रे?" डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या बास्केटबॉल शौकिनांना हाच प्रश्न पडला होता. ड्यूक विद्यापीठाचे कोच माइक शशेव्स्की यांनी आपल्या स्टार खेळाडूला, ग्रेसन अ‍ॅलनला, बेमुदत निलंबित केलं. ही बेमुदत संपली तेव्हा हिशोब लागला : १ सामना. त्यावरून जो वाद पेटला तो आमच्या कोर्टावरची मंडळी अजूनही उकरून काढतात. कारण त्या वादात खरा मुद्दा एका सामन्याचा नाहीच, असं माझं मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे कॉलेजची बास्केटबॉल टीम म्हणजे दहा-बारा पोरं, एक जुना बॉल आणि बघायला आलेले चार रूममेट. तिकडे तसं नाही. ड्यूकचं कॅमेरॉन स्टेडियम ९,३१४ प्रेक्षकांचं आहे. अगदी कोर्टालगतच्या जागा विद्यार्थ्यांच्या असतात आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यासाठी विद्यार्थी स्टेडियमबाहेर तंबू ठोकून, थंडीत, कित्येक दिवस राहतात. तंबूंच्या या वस्तीला नावच मुळी कोचवरून पडलंय, शशेव्स्कीव्हिल! आडनाव उच्चारायला अवघड म्हणून सगळे त्यांना ‘कोच के’ म्हणतात. १९८० ते २०२२ अशी ४२ वर्षं ते ड्यूकचे कोच होते. त्या काळात ५ राष्ट्रीय अजिंक्यपदं. थोडक्यात, या माणसाचं म्हणणं तिथे कुणी सहसा खोडून काढत नाही.

आता अ‍ॅलन. २०१५ च्या अंतिम सामन्यात बेंचवरून उठून आला आणि १६ गुण करून ड्यूकला विजेतेपद मिळवून देण्यात मोठा हात लावून गेला. पुढच्या हंगामात सामन्यामागे २१ च्या वर सरासरी. खेळाडू एक नंबर, पण एक खोड वाईट : चिडला की समोरच्याच्या पायात पाय घालायचा. ८ फेब्रुवारी २०१६ ला लुईव्हिलच्या खेळाडूला असं पाडलं. १७ दिवसांनी फ्लोरिडा स्टेटच्या खेळाडूला पाडलं. दुसऱ्या वेळी ड्यूक ज्या गटात खेळते त्या एसीसी संघटनेने त्याला जाहीर समज दिली. बस्स. सामना एकही चुकला नाही.

मग २१ डिसेंबर २०१६. ग्रीन्सबरोला ईलॉन या तुलनेने लहान विद्यापीठाशी सामना. पहिल्या हाफमध्ये अ‍ॅलनने स्टीवन सांता आना या खेळाडूला पुन्हा तसंच पायात पाय घालून पाडलं. टेक्निकल फाउल मिळाला, कोचने बाहेर बसवलं, तर बेंचवर बसून त्याने खुर्च्यांवर हात आपटत तमाशा केला. कॅमेरे होतेच! गंमत म्हणजे दुसऱ्या हाफला तो परत कोर्टावर. ड्यूकने सामना ७२-६१ असा जिंकला. नंतर अ‍ॅलनने रडवेल्या चेहऱ्याने माफी मागितली. त्या रात्री पत्रकारांनी कोचला छेडलं, तेव्हा त्यांचं उत्तर साधारण असं होतं : मी शिक्षक आहे, या मुलाची जबाबदारी माझी आहे, त्याला मी ओळखतो आणि बाकीच्यांचं समाधान करणं हे माझं काम नाही.

रात्र उलटली आणि दुसऱ्याच दिवशी निलंबन जाहीर झालं. ‘सामन्यांपासून बेमुदत’. शब्द नीट बघा, सामन्यांपासून. टीममधून काढलेलं नाही, फक्त सामना खेळायचा नाही. शिवाय कप्तानपदही गेलं. ३१ डिसेंबरला अ‍ॅलनविना ड्यूक व्हर्जिनिया टेककडून ८९-७५ अशी हरली. ४ जानेवारीला अ‍ॅलन परत आला आणि ड्यूकने जॉर्जिया टेकला ११०-५७ असं धुतलं.

झालं, भांडण सुरू! एक पक्ष म्हणाला, हे निव्वळ नाटक आहे. बेमुदत म्हणून एक सामना? हरलात म्हणून लगेच परत बोलावलं. हाच प्रकार एखाद्या राखीव खेळाडूने केला असता तर हंगाम संपला असता त्याचा. दुसरा पक्ष म्हणाला, बेमुदत याचा अर्थ ‘खूप’ नव्हे, ‘आधी ठरवलेलं नाही’ एवढाच. मुलगा सुधारला असं कोचला वाटलं, शिक्षा संपली. बंद दाराआड काय झालं ते तुम्हाला-आम्हाला काय माहीत? माझ्या शेजारच्या खोलीतला एक मित्र कट्टर पहिल्या पक्षाचा. त्याचं एकच वाक्य, "ही शिक्षा नाही, ख्रिसमसची सुट्टी आहे!"

त्याच्या वाक्यात तथ्य आहे, आणि ते कॅलेंडरमध्ये सापडतं. निलंबन ते पुनरागमन, मध्ये १३ दिवस गेले. एरवी हंगामात १३ दिवसांत तीन-चार सामने सहज होतात. पण नाताळात वेळापत्रक विरळ असतं. ईलॉननंतर ड्यूकचा पुढचा सामना थेट ३१ तारखेला होता. म्हणजे दिवस मोजले तर जवळजवळ दोन आठवडे, सामने मोजले तर १. त्या हंगामात ड्यूक एकूण ३७ सामने खेळली, त्यातला १. दोन्ही पक्ष आपापल्या सोयीचं एकक वापरून भांडत होते. इंजिनिअरिंगला असतो तर पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी जर्नल फेकलं असतं.

पण मुळात हे कोचने एकट्याने का ठरवायचं? काही नियम-बियम आहे की नाही? व्यावसायिक एनबीएमध्ये आहे. तिथे शिक्षा लीगचं कार्यालय देतं, दंड होतो, निलंबनात त्या सामन्याचा पगार कापला जातो, आणि खेळाडूची बाजू मांडायला त्यांची युनियन असते. कॉलेजमध्ये २०१६ साली यातलं काहीच नव्हतं. एसीसीला निलंबित करण्याचा अधिकार होता, पण तिने समज देऊन विषय संपवला होता. पगार नाही, म्हणून पगारकपात नाही. (खेळाडूंना आपल्या नावावर, फोटोवर कमाई करायची मुभा २०२१ मध्ये मिळाली, आणि विद्यापीठांनी थेट पैसे द्यायची सोय तर २०२५ मध्ये झाली.) मग कोचच्या हातात नाणं उरतं एकच, खेळायला मिळणारी मिनिटं. आणि या नाण्याची एक भानगड आहे. ते खेळाडूच्या खिशातून काढलं की सगळ्या टीमच्या खिशातून जातं. व्हर्जिनिया टेककडून हरलेल्या पोरांनी कुणाच्या पायात पाय घातला होता? तरी हार त्यांच्या नावावर लागली.

म्हणूनच, एक सामना पुरेसा होता का, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. तो डिसेंबरचा प्रश्न आहे. कोच के चुकले ते फेब्रुवारीत. पहिल्यांदा पाडलं तेव्हा एक वेळ ठीक, होतं रागात. पण १७ दिवसांत दुसऱ्यांदा तेच केल्यावर एक सामना बाहेर बसवला असता तर तेवढ्या एकाच सामन्याला काही वजन आलं असतं. कंट्रोल सिस्टिम शिकलेल्यांना सांगायला नको, फीडबॅक उशिरा पोचला की सिस्टिम हेलकावे खायला लागते. मग शेवटी कितीही जोराचा सिग्नल द्या. दहा महिने उशिरा आलेली शिक्षा कितीही सामन्यांची असती तरी लोकांना ती मुलासाठी न वाटता टीव्हीसाठीच वाटली असती. त्यात आदल्या रात्री ‘मला कुणाचं समाधान करायचं नाही’ म्हणणाऱ्या माणसाने सकाळी निलंबन जाहीर केलं, म्हणजे संशयाला आमंत्रणच.

दारामागे काय झालं ते सांगायला कोच बांधील नाही, हे मात्र मला पटतं. विशी-एकविशीच्या पोराची खरडपट्टी चारचौघांत काढण्यात काय अर्थ आहे? पण मग ‘बेमुदत’ हा शब्द वापरू नये. हा शब्द जाहीर आहे, लोकांसाठी आहे, आणि लोक त्याचा हिशोब मागणारच. ‘पुढचा एक सामना खेळणार नाही’ असं सरळ म्हटलं असतं तर निम्मे तरी लोक गप्प बसले असते.

गैरहजर खेळाडूचा घोळ नेहमी शिक्षेचाच असतो असंही नाही. याच कोचची २०१०-११ ची टीम घ्या. कायरी अर्विंग नावाचा पहिल्या वर्षाचा पोरगा ८ सामने खेळला आणि ४ डिसेंबर २०१० ला बटलरविरुद्ध उजव्या पायाच्या अंगठ्याला दुखापत करून बसला. २६ सामने बाहेर! त्याच्या जागी नोलन स्मिथने चेंडू हातात घेतला, टीम स्वतःभोवती बांधली आणि एसीसीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धा सुरू होते, त्याच वेळी अर्विंग बरा होतो. आता काय करायचं? कोचने सुरुवातीला त्याला बेंचवरून आणलं. दोन सामने निभावले. तिसऱ्यात, अ‍ॅरिझोनाविरुद्ध, अर्विंगने २८ गुण केले, स्मिथचे झाले ८, आणि ड्यूक ९३-७७ अशी बाहेर. एक गट म्हणाला, बसलेली घडी विस्कटली. दुसरा म्हणाला, २८ करणाऱ्याला बाहेर बसवणार होतात का? इथे मी कोचच्या बाजूने आहे. त्या दिवशी अ‍ॅरिझोनाच्या डेरिक विल्यम्सने ३२ गुण ठोकले, त्याला अडवणं स्मिथच्याही हातात नव्हतं आणि अर्विंगच्याही. तीन महिन्यांनी अर्विंग एनबीएच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. असला खेळाडू बरा होऊन कपडे घालून तयार असताना त्याला बसवून ठेवणं हीसुद्धा एक शिक्षाच झाली असती, तीही बिनगुन्ह्याची.

तिसरा किस्सा थोडक्यात. फेब्रुवारी २०२१, जेलन जॉन्सन, १३ सामने खेळून हंगाम अर्धवट सोडून निघून गेला. पायाची दुखापत आणि पुढची एनबीए कारकीर्द ही कारणं. ‘पळपुटा’ म्हणून त्याच्यावर बरीच चिखलफेक झाली. कोचने मात्र त्याला जाहीर पाठिंबा दिला. टीम पुढचे तीन सामने जिंकली आणि त्यानंतरचे तीन हरली, त्यामुळे दोन्ही बाजूंना पुरावा मिळाला! जॉन्सनला अटलांटा हॉक्सने २० व्या क्रमांकावर घेतलं.

आणि हो, अ‍ॅलन परत आला त्या सामन्यानंतर लगेच कोच स्वतःच गैरहजर झाले. पाठीची शस्त्रक्रिया. ७ सामने टीम जेफ केपल या सहायकाने सांभाळली. २३ जानेवारी २०१७ ला घरच्या मैदानावर एन.सी. स्टेटकडून हार झाली, तेव्हा कोच केंनी सगळ्या खेळाडूंना ड्रेसिंग रूमची बंदी केली आणि ड्यूक लिहिलेले कपडे घालायलाही मनाई केली. या शिक्षेलाही मुदत नव्हती, पण ती सगळ्यांना सारखी होती, चूक ताजी होती, आणि कुणाचा सामना बुडाला नाही. पुढचा सामना ड्यूकने ८५-८३ असा काढला. माझ्या मते त्या हंगामातली कोचची ही सर्वांत नीट बसलेली शिक्षा.

अ‍ॅलन चौथ्या वर्षी ड्यूकचा कप्तान होता. मग एनबीएत गेला. २१ जानेवारी २०२२ ला मिलवॉकी बक्सकडून खेळताना त्याने शिकागो बुल्सच्या अ‍ॅलेक्स करुसोला हवेत असताना खेचलं, करुसो पडला आणि त्याचं मनगट फ्रॅक्चर झालं. या वेळी कोचला काही ठरवायचं नव्हतं. लीगच्या कार्यालयाने सगळं तपासून निकाल दिला : १ सामना, बिनपगारी. शिकागोवाले चिडून म्हणाले, फक्त एक?