बुलेटमागे घर ओढण्याआधी

मोटारसायकलमागे दोन चाकांचा छोटा कॅम्पर जोडलेला, संध्याकाळ झाली की त्याचे झाकण उघडून पाच मिनिटांत उभा राहणारा तंबू, आत गादी, बाजूला चहाची शेगडी. परदेशातले असे व्हिडिओ पाहिले की थंडीच्या तोंडावर बाइक घेऊन कोकणात निघणाऱ्या वसई-विरारच्या मंडळींनाही वाटते, हे आपल्याला का जमू नये? वेल्डिंगवाला ओळखीचा असतो, जुनी चाके भंगारात मिळतात, आणि निसर्गरम्य रस्ता तर घराच्या दारातूनच सुरू होतो.

रस्त्याबद्दल दुमत नाही. २०२४च्या फेब्रुवारीत वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली आणि वसईच्या माणसाला रत्नागिरीपर्यंत जवळजवळ किनाऱ्यानेच जाता येऊ लागले. वसई किल्ल्याजवळच्या जेट्टीवरून भाईंदर, मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मांडवा, मग अलिबाग, मुरूड, आगरदांड्याहून दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून वेसवी, केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली, दाभोळहून धोपावे, गुहागर, तवसाळहून जयगड, गणपतीपुळे आणि शेवटी आरे-वारेचा समुद्राला चिकटून जाणारा रस्ता. एका प्रवासात सहा वेळा बाइक बोटीत चढते. असा मार्ग देशात फारसा कुठे सापडणार नाही.

प्रश्न आहे तो मागच्या घराचा. ज्या गाड्यांमागे अमेरिकेत कॅम्पर दिसतात, त्यांतली ठळक गाडी म्हणजे १९७५ साली बाजारात आलेली होंडा गोल्ड विंग. आजच्या गोल्ड विंगचे इंजिन १८३३ सीसीचे, वजन साडेतीनशे किलोच्या वर. आपल्याकडची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० ही १९५ किलोची, ३४९ सीसीची. गंमत म्हणजे, एवढ्या अवजड गोल्ड विंगच्या माहितीपुस्तिकेतही कंपनीने ट्रेलर जोडू नका असेच बजावले आहे. लोक जोडतात ते स्वतःच्या जबाबदारीवर.

कंपनी नको म्हणते यामागे शाळेत शिकलेलेच भौतिकशास्त्र आहे. क्लासिक १९५ किलो, चालक ७५ आणि सामान २० असे मिळून २९० किलो झाले. ताशी ८० किलोमीटर वेगात समोर म्हैस दिसली, तर ती दिसण्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. नंतर कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लागला तरी थांबायला आणखी सुमारे ४९ मीटर लागतात. आता मागे स्वतःचे ब्रेक नसलेला १०० किलोचा कॅम्पर जोडा. टायरची पकड जवळपास तेवढीच, थांबवायचे वजन मात्र ३९० किलो. त्यामुळे ४९चे ६६ मीटर होतात. हे १७ मीटर म्हणजे एका एसटी बसच्या लांबीहून अधिक अंतर, आणि तेवढ्यात काय काय उभे असू शकते याची कल्पना कोकणातल्या कोणत्याही नाक्यावर करता येते.

सरळ रस्त्यावर निदान एवढेच. वळणावर मोटारसायकल आत झुकते, कॅम्पर मात्र झुकत नाही. म्हणून जोड फिरता असावा लागतो. गाडीला घट्ट वेल्ड केलेला जोड पहिल्याच तीव्र वळणावर मागचे चाक उचलायला बघतो. उतारावर ब्रेक लावला की मागचे वजन पुढच्या गाडीला ढकलते. गाडी सरळ असेल तर हा धक्का झेलता येतो, झुकलेली असेल तर मागचे चाक बाहेर फेकले जाऊ शकते. दापोलीकडून दाभोळच्या धक्क्याकडे उतरणारा रस्ता आठवावा. कॅम्परमधले सामान मागच्या बाजूला जास्त भरले असेल, तर जोडावरचा भार हलका होऊन कॅम्पर शेपटीसारखा डोलू लागतो. एकूण वजनाचा सुमारे दहावा भाग जोडावर पडावा, असा ट्रेलरवाल्यांचा ढोबळ नियम आहे. डोलायला लागल्यावर घाबरून कचकन ब्रेक दाबणे हीच सर्वांत मोठी चूक. अॅक्सिलरेटर हळूहळू सोडून वेग आपोआप उतरू द्यायचा असतो.

आणि एक अगदी साधी अडचण. केळशीच्या किंवा हर्णैच्या बोळात समोरून एसटी आली, तर साधा बाइकवाला पाय टेकवून गाडी मागे घेतो. कॅम्परवाल्याने काय करायचे? बाइकला रिव्हर्स गिअर नाही. मागे ढकलायला जावे तर कॅम्पर भलत्याच बाजूला वळून आडवा होतो. बोटीच्या शेवाळलेल्या, भरती-ओहोटीनुसार चढ बदलणाऱ्या उतरंडीवर तर विचारूच नये.

कायद्याचेही बघायला हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या मोटारसायकलच्या व्याख्येत साइडकार येते. ट्रेलर हे मात्र वेगळे वाहन मानले आहे. कंपनीने दिलेल्या गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायलाही याच कायद्याच्या कलम ५२ने मनाई केली आहे. त्यामुळे वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी आरटीओत विचारणे शहाणपणाचे. अपघातानंतर विमा कंपनीसमोर ‘माहीत नव्हते’ हे उत्तर चालत नाही.

थोडक्यात, या मार्गावर घर मागे ओढून नेण्यात अर्थ नाही, आणि गरजही नाही. जवळजवळ प्रत्येक किनारी गावात घरगुती मुक्कामाची सोय आहे, आणि तिथे सोलकढी तंबूपेक्षा बरी मिळते. तंबूची हौस असलीच तर तो बाइकवरच बांधावा, पण जड सामान खाली आणि शक्यतो मागच्या आसाच्या पुढे, दोन्ही बाजूंना सारखे. पाठीवर दहा किलोची सॅक घेणाऱ्याची कंबर मुरूडच्या आधीच बोलू लागते.

कॅम्पर सोडला की नियोजनातला मोठा भाग उरतो तो चालकाच्या शरीराचा. नकाशावर लोक किलोमीटर मोजतात, शरीर तास मोजते. या रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरची सरासरी पडली तरी खूप झाले. त्यामुळे दिवसाचे सहा तास प्रत्यक्ष गाडी चालवायची असे धरले, तर पहिला मुक्काम दिवेआगर-श्रीवर्धनकडे, दुसरा दापोली किंवा गुहागरला आणि तिसऱ्या दिवशी रत्नागिरी असा हिशेब बसतो. खाड्या इथे मदतीला येतात. बोटीची वाट पाहताना आणि बोटीत मिळून अर्धा-पाऊण तास सक्तीची विश्रांती होते. एरवी ‘अजून थोडे पुढे जाऊ’ म्हणणाऱ्यालाही हेल्मेट काढावेच लागते. ते काढल्यावर मान फिरवावी, हातांची बोटे उघडझाप करावीत. इंजिनाची थरथर आणि हँडल आवळून धरण्याची सवय यांनी मनगटाच्या नसेवर ताण येतो, बोटांना मुंग्या येतात. मुठी सैल ठेवणे हाच त्यावरचा पहिला उपाय.

पाण्याबाबत बाइकवाला हमखास फसतो. धावत्या गाडीवर घाम लगेच वाळतो, म्हणून तो येतोय हेच कळत नाही. गाडी जेट्टीवर रांगेत थांबते, वारा बंद होतो आणि जॅकेटच्या आत दमट भट्टी पेटते. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाहून, म्हणजे साधारण ३५ अंशांहून वर गेले की वारा अंग थंड करण्याऐवजी तापवू लागतो. तेव्हा जॅकेट उघडे टाकून काही साधत नाही, उलट अंग झाकून आतला कपडा ओला ठेवणे बरे. तहान लागण्याची वाट न पाहता प्रत्येक थांब्यावर पाणी प्यावे. लघवी गडद पिवळी झाली तर उशीर झाला असे समजावे. खूप घाम गेला असेल तर ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी उपयोगी पडते. मधुमेहींनी इन्सुलिन उन्हात तापणाऱ्या टँकबॅगेत ठेवू नये. आणि बोट लागू नये म्हणून किंवा सर्दीसाठी घेतलेली गोळी झोप आणणारी आहे का, हे चालकाने आधी डॉक्टरांना विचारावे. अशा कित्येक गोळ्यांनी गुंगी येते.

कानांचा विचार सहसा कोणी करत नाही. हेल्मेटच्या कडेने घोंगावणाऱ्या वाऱ्याचा आवाज ताशी ६० किलोमीटरलाच ९० डेसिबलच्या आसपास जातो, शंभरच्या वेगाला आणखी वाढतो. ८५ डेसिबल आठ तास सोसता येतात, आणि दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते असा कामगार-आरोग्यातला एक मान्य निकष आहे. त्या हिशेबाने १०० डेसिबलला कानांना मिळतात जेमतेम १५ मिनिटे. फोमचे साधे इअरप्लग हा आवाज बराच कमी करतात. कान वाचतात आणि संध्याकाळचा थकवाही कमी जाणवतो.

किनाऱ्यावर वेगच कमी, तेव्हा खरी कसोटी लागते ती परतताना. रविवारी सकाळी रत्नागिरीत समुद्रावर जायचे, जेवून निघायचे, मुंबई-गोवा महामार्गाने एका दमात घर गाठायचे आणि सोमवारी पहाटे विरार लोकल पकडायची, हा बेत अनेकांचा असतो. सलग १७ तास जागा असलेल्या माणसाची चपळता आणि लक्ष रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतके घसरते, असे झोपेवरच्या प्रयोगांत दिसले आहे. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहाटे पाचला उठलेला चालक रात्री दहाला पनवेलच्या आसपास असेल, तर थेंबही न पिता तो त्या रेषेपलीकडे गेलेला असू शकतो, आणि पुढे घोडबंदरचे ट्रक असतात. तीन सेकंदांची डुलकी ताशी ६० किलोमीटरला ५० मीटर आंधळेपणी घेऊन जाते. हेल्मेटमुळे ती मागे बसलेल्यालाही दिसत नाही.

चहा लगेच चढत नाही, त्यातल्या कॅफिनला वीस-तीस मिनिटे लागतात. म्हणून चहा पिऊन ढाब्यावरच वीस मिनिटे डोळे मिटायचे आणि मग निघायचे, हे दोन्हींचा फायदा देते. पण तोही तासा-दोन तासांचाच तोडगा. सोमवारची रजा आधीच टाकून रविवारचा मुक्काम वाटेत महाड किंवा माणगावला केला, तर सोमवारी उजेडात भाईंदरच्या जेट्टीवर पोहोचता येते, आणि शेवटची खाडी वसईकडे तोंड करून बोटीतल्या बाकावर बसून ओलांडता येते.